रंग ओला हाय

पनवेलच्या एका हॉलमध्ये लग्न लागत होतं आणि मनस्वी तिथेच उभी राहून त्या लग्नाचं चित्र काढत होती. तिचं कामच ते. पण पाठीमागे सारखी माणसं...

"बाय, माजं नाक जरा सरळ काढ," नवऱ्याची मावशी भामा खांद्यावरून वाकून म्हणाली.

मनस्वी मुळात अबोल. गर्दीत जीव गुदमरला, की हातही थांबायचा. नवरीचा चेहरा काही केल्या चित्रात उतरेना. शेवटी तिने ब्रश पाण्यात टाकला आणि मागच्या दाराने बाहेर पडली. असंच घरी निघून जावं, असं वाटत होतं.

मागे जांभळाच्या सावलीत, पालथ्या पातेल्यावर, शेरवानी घातलेला एकजण बसला होता. मोजड्या बाजूला काढलेल्या.

"सॉरी... मी जाते."

"बसा ना. मी बोलणार नाही."

त्याने दुसरं पातेलं पुढे सरकवलं. आणि खरंच बोलला नाही. पानं सळसळत राहिली. बऱ्याच वेळाने तिनेच विचारलं, "तुम्ही इथे कसे?"

"नवऱ्याचा भाऊ, प्रितेश. सकाळपासून सगळ्यांकडे बघून हसतोय. गाल दुखायला लागले."

ती हसली. मग सहज बोलून गेली, "चित्र जमत नाहीये. लोक मागे उभे राहिले, की मी आटूनच जाते."

"मग थोडं बसा. विहिरीलाही भरायला वेळ लागतोच की."

तो उठून आत जाऊन आला. थोड्या वेळाने ती परतली, तर चित्रापाशी भामामावशीच राखणीला उभी, गर्दीला हटवत. "लांब रावा, रंग ओला हाय. प्रितेशनं सांगलंय."

नवरी आईकडे बघत होती. मनस्वीला ती नजर दिसली आणि हात आपोआप चालू लागला. मन दमलं, की ती जांभळाखाली जाऊन यायची. तिथे कोकम सरबताचा ग्लास असायचा... आणि शेजारी तो, गप्प.

संध्याकाळी चित्र बघून नवरीच्या आईने तिच्या गालावरून हात फिरवला. मनस्वीचे डोळे भरून आले. तिने प्रितेशला गाठलं.

"थँक यू."

"कशाबद्दल?"

"न बोलल्याबद्दल."

"ते फार अवघड गेलं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही हसलात ना... तेव्हापासून बोलायचं होतं."

"काय?"

"तुम्ही मला आवडलात. रविवारी वडाळे तलावावर याल? नुसतं बसायला."

तिने रंगाने माखलेली बोटं ओढणीत लपवली.

"येईन. पण आता थोडं बोललात... तरी चालेल."

रिक्षापर्यंत तो बोलतच राहिला. आणि मनस्वी जराही दमली नाही.