‘ग’च्या कान्यातली खाच

मंगळवार, ६ मे, दुपारचे साडेबारा, भिंत सतरावी. सुट्टीसाठी मावशीकडे आलेली भिंगरी टाचा उंचावून भित्तिपत्रक न्याहाळत होती.

“ताई, माझ्या पायांचे तुकडे पडले!” धाकटा ढब्बू फुटपाथवर बसला. “त्यात जाहिरात गाद्यांची! झोपच येतेय.”

भिंगरीही थकली होती. पण मावशीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. अकरा महिने मनगट झिजवून मावशीने लिनोच्या, म्हणजे ठसे कोरायच्या मऊ पत्र्याच्या, तुकड्यांवर अठ्ठेचाळीस ओबडधोबड, ठसठशीत अक्षरे कोरली होती. त्यांचा फॉन्ट व्हायचा होता. आणि आता फॉन्ट कंपनीचे साहेब म्हणत होते, “ही अक्षरं तर गावभर लागली आहेत. तुम्ही ती उचललीत!” संध्याकाळी ते नकाराच्या पत्रावर सही करणार होते.

“ढब्बू, प्रत्येक ‘ग’ बघ! कान्याला तळाशी तिरपी खाच!”

दोघे घरी धावले. मावशी टेबलावर डोके टेकून होती.

“सुरी घसरली होती गं,” ती म्हणाली. “म्हणून मार्चमध्ये ‘ग’ नव्याने कोरला.”

“मग खाचेचा ‘ग’ कुणाकडे गेला?”

“जानेवारीत एकच नमुना छापला. तो साहेबांना दिला, त्याची पोच आहे.” मावशी ताठ बसली. “जुना ठसाही आहे. टाकवला नाही.”

साडेतीनला तिघे कार्यालयात पोहोचले. भिंगरीने ठशाला शाई लावली, पारदर्शक कागदावर उमटवला आणि तो कागद वाटेत भिंतीवरून सोडवून आणलेल्या भित्तिपत्रकावर ठेवला. खाचेवर खाच बसली!

“साहेब, हा ‘ग’ एकाच कागदावरून बाहेर गेला. तुमच्याकडचा तो कागद दाखवता?”

साहेबांनी एक खण उघडला, दुसरा उघडला, मग घाम पुसला. “मेव्हण्याचं गाद्यांचं दुकान आहे... त्याला नुसता बघायला दिला होता!”

“बघता बघता भिंतीवर चढला होय!” ढब्बू म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या कंपनीच्या संचालिकाबाईंनी सगळे ऐकले होते. “मावशी, माफ करा. अकरा महिने तुम्ही कोरलंत, आणि आमच्याकडे साधा कागद सांभाळला गेला नाही. मुलांनो, तुमची नजर आमच्या माणसांना हवी होती!”

मावशीला हसायचेही त्राण नव्हते. तिने दोघांच्या खांद्यांवर एकेक हात टेकला आणि बाई मंजुरीच्या कागदावर आकडा लिहीत असताना तो शांतपणे वाचला.

मंजूर अक्षरे : अठ्ठेचाळीस.