काही दुखत नसताना

ती मला पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्या तोंडात सात खिळे होते.

माझा धंदा खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचा. दातांच्या एका दवाखान्यात रुग्णाच्या खुर्चीचं रेक्झिन फाटलं होतं, ते बदलायला गेलो होतो. आमच्या कामात एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. दातांत एकेक पकडायचा, काढायचा, ठोकायचा. वडील तसंच करायचे, मीही तसंच शिकलो.

मागून आवाज आला, "अहो खिळेवाले, आ करा बघू."

वळून बघितलं. पांढरा कोट, घट्ट बांधलेले केस, तोंडावर मास्क. नुसते डोळे दिसत होते... आणि ते हसत होते.

तिने हात पुढे केला. मी खिळे एकेक करून तिच्या तळहातावर ठेवले. ओले खिळे. लाजेने मेल्यासारखं झालं.

"पुढच्या दाताला खाच पडलीय," ती म्हणाली. "दहा-बारा वर्षं झाली असतील ना या धंद्यात?"

"अकरा. तुम्हाला कसं कळलं?"

"दोरा दाताने तोडणाऱ्या शिंप्याला वेगळी खाच पडते, खिळेवाल्याला वेगळी. झाली का खुर्ची? बसून बघा मग."

मी सरळ मनाने बसलो. तिने बटण दाबलं, खुर्ची मागे गेली, वर दिवा लागला.

"अहो, मला काही दुखत नाही!"

"म्हणून तर बसवलं."

दवाखाना डॉक्टरीणबाईंचा. बिघडलेले दात त्या आतल्या खोलीत बघायच्या. ही बाहेर न बिघडलेले दात साफ करायची आणि ते बिघडू नयेत म्हणून लोकांच्या मागे लागायची. तिने माझ्या हातात आरसा दिला, दुसरा चिमुकला गोल आरसा तोंडात धरला आणि खालच्या दातांची मागची बाजू दाखवली. पिवळट, दगडासारखा थर.

"हे काय?"

"जिथे ब्रश पोचला नाही, तिथे साचलेलं. हिरड्या यानेच सैल होतात."

"आमच्या घरात दात टिकतच नाहीत. आईचे चाळिशीत गेले. रक्तातच आहे ते."

"रक्तात नाही." तिने त्या थरावर हलकेच टकटक केली. "इथे आहे. आणि हे मी आत्ता काढणार आहे."

माझी आई तोंडावर हात धरून हसायची. आपलंही तसंच होणार, हे मी लहानपणापासून धरून चाललो होतो. तिने अर्धा तास काम केलं. नंतर जीभ फिरवली तर माझेच दात मला ओळखू येईनात. एवढे गुळगुळीत, एवढे वेगवेगळे... मी कितीतरी वेळ तसाच पडून राहिलो. तीस वर्षांचा माणूस, आणि आपल्या तोंडात काय आहे ते मला त्या दिवशी कळलं.

निघताना तिने एक कार्ड पुढे केलं. "पत्ता लिहा. स्वतःच्या हाताने."

"कशाला?"

"सहा महिन्यांनी हे पोस्टाने तुमच्या घरी येईल, परत तपासायला या म्हणून. माझ्या अक्षरातलं लोक फेकून देतात. स्वतःचं अक्षर कुणी फेकत नाही."

टेबलावर बारा खणांची लाकडी पेटी होती. तिने सहा खण मोजून कार्ड आत टाकलं.

कार्ड आलं तसा मी गेलो. दरम्यान दोन वेळा दात घासत होतो, दातांमधून दोरा फिरवत होतो. कुणासाठी, ते मला कळत होतं.

"खाच वाढली नाही," ती म्हणाली. "खिळे कुठे ठेवता आता?"

मी बाही वर केली. मनगटाला लोहचुंबक बांधला होता. ती एवढी हसली की मास्क घसरला. तिचा पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता.

"काय बघताय?"

"एकावर एक आहे..."

"दात बघायचं काम माझं. तुम्ही आ करा."

मग तिने तोंडात नळी घातली आणि नेमकं तेव्हाच विचारलं, "लग्न झालंय?"

"अं-हं."

"म्हणजे हो की नाही?"

"अं-हं!"

"बरं, बरं. कळलं."

नळी निघाली तेव्हा बोलायचं धाडस गेलं होतं. मी गुपचूप पत्ता लिहिला. तिने कार्ड उलटं करून मागे काहीतरी खरडलं आणि पेटीत टाकलं.

"काय लिहिलंत?"

"येईल तेव्हा वाचा."

वेळ-बिळ लिहिली असेल, असं मला वाटलं. पण महिनाभरात जीव राहिना. गाल धरून दवाखान्यात गेलो. दाढ ठणकतेय म्हणालो.

तिने नीट तपासलं. दिवा बंद केला. "काही दुखत नाहीये तुम्हाला. दुखतंय म्हणून येणारे इथे खूप आहेत. त्यांच्यात खोटे नकोत."

संपलं, असं मी समजलो. पाच महिने त्या रस्त्याने गेलो नाही. दात मात्र घासत राहिलो – का, ते सांगता येत नाही.

मग कार्ड आलं. भुरभुर पावसात भिजलेलं, माझ्या अक्षरातला पत्ता थोडा पसरलेला. मागे लिहिलं होतं – 'काही दुखत नसताना येणारा माणूस मला आवडतो. विचारायचं असेल तर विचारा.'

मी तिथेच पायरीवर बसलो. मी खोटं बोललो, रुसलो, पाच महिने जळत राहिलो... आणि उत्तर आधीच लिहून पेटीत पडलेलं होतं! मी विचारायच्याही आधी.

तसाच गेलो. कार्ड पुढे धरलं.

"हे हातात का नाही दिलंत तेव्हाच?"

"तुम्ही का नाही विचारलंत तेव्हाच?" ती म्हणाली. "आणि ते खोटं दुखणं घेऊन आलात ना, त्या संध्याकाळी कार्ड पेटीतून काढलं होतं मी. फाडायला."

"मग?"

"वर तुमचं अक्षर होतं..." तिने मान खाली घातली. "फाडवेना. आता विचारा की!"

मी विचारलं.

सव्वीस वर्षं संसार झाला. घरी तिने माझ्या तोंडात कधी बघितलं नाही. "इथे मी बायको. तपासणी तिकडे." दर सहा महिन्यांनी मी तिच्या खुर्चीत, आणि दर कार्डामागे एक ओळ. 'काल रागावले होते. आज नाही.' कशावरून रागावली होती, ते कार्ड येईपर्यंत दोघंही विसरलेलो असायचो.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. छातीत दुखत होतं म्हणे बरेच दिवस. मला बोलली नाही. इतरांच्या तोंडात सगळं वेळेवर शोधणारी बाई.

त्यानंतर मी ब्रशला हात लावीनासा झालो. बघणार कोण होतं? लोहचुंबकही खुंटीला गेला. परवा घराखालच्या दुकानात सोफा ठोकत होतो, तोंडात खिळे. टपाल आलं. माझ्याच अक्षरातला पत्ता. उलटं केलं.

'खालच्या डाव्या दाढेमागे ब्रश पोचत नाही. फसवू नका, मला दिसतं.'

मी हात पुढे केला आणि तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तिच्या जागी नवी मुलगी होती. "काही दुखतंय का, काका?"

"दातात नाही," मी म्हणालो.

तिने साफ केलं. डाव्या दाढेमागे बराच वेळ गेला. मग कार्ड पुढे आलं, मी पत्ता लिहिला.

"कार्डामागे बाई काहीतरी लिहायच्या ना?" तिने विचारलं. "मी काय लिहू?"

"द्या इकडे."

मी कार्ड उलटं केलं, लिहिलं – 'फसवत नाही.' तिने सहा खण मोजले आणि ते पेटीत टाकलं.