मधल्या खोलीतला तिसरा दिवा

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगायची मला हौस नाही. मी कॉम्प्युटरवाला माणूस. नारायणगाव स्टँडमागे माझं दुकान होतं, आणि त्या काळात जुन्नर-आंबेगावात घरोघरी इंटरनेट जोडून देणारा माझ्याइतका पक्का हात दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, ज्यांच्या घरी जोडलंय ते म्हणतात. बोरी बुद्रुकच्या शेतकऱ्याचा मी पोरगा, वायरची टोकं दातांनी सोलत शिकलो. पण एकदा घरात पाऊल टाकलं की नेट चालू केल्याशिवाय बाहेर पडलो नाही. त्या दिवशीही चालू करूनच बाहेर पडलो. फक्त ते काम माझ्या हातचं नव्हतं, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

२००६ सालची गोष्ट. जैनांचं पर्युषण आदल्या दिवशी संपलं होतं. दुपारी मंचरच्या चंपालाल शेठजींचा फोन आला. "गोरखभाऊ, तुमी वायर टाकली खरी, पर खालचं नेट वर काय येत न्हाई, राव. आठ दिस झालं बंद हाय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती वायर मी स्वतः ओढली होती, दोन्ही टोकं स्वतः बसवली होती आणि चालवून दाखवली होती. लगेच गाडीला किक मारली.

शेठजींचं घर तीन मजली. खाली रस्त्याला लागून कांदा-बटाट्याची पेढी, वर राहतं घर, आणि मधल्या मजल्यावर एक बंद खोली. खालच्या कॉम्प्युटरला फोनच्या लाईनवरून नेट होतं. तेच नेट वरच्या कॉम्प्युटरला वाटून द्यायचं, एवढंच काम. मधल्या खोलीत मी पाच भोकांची एक डबी ठेवली होती. खालून आलेली वायर तिच्या एका भोकात, वर जाणारी दुसऱ्या भोकात. वायर जिवंत असली की त्या भोकावर हिरवा दिवा लागतो.

वर गेलो तेव्हा कळलं की घाई कशाची आहे. शेठजींच्या पत्नी मोहनबाई गादीवर उशांना टेकून बसल्या होत्या. आठ दिवसांची अठाई केलेली, म्हणजे पोटात अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी. सकाळीच उपवास सोडायचा, पण त्यांनी सोडला नव्हता, आणि आज तर पाणीही बंद केलं होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या. त्यांचा मुलगा जिनेश बापाशी भांडून आठ वर्षांपूर्वी आफ्रिकेत निघून गेला होता. घरचा फोन तो उचलत नव्हता. बहिणीच्या, रिद्धीच्या, विनवण्यांनंतर एवढंच कबूल झाला होता की आज पाच ते साडेसहा तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर येऊन बसेल.

"पोराचं तोंड बघून मिच्छामि दुक्कडम म्हणीन, मगच तोंडात घास," मोहनबाई म्हणाल्या. कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ कर, असं त्या दिवसांत हे लोक एकमेकांना हात जोडून म्हणतात.

रिद्धीनं मला जिन्यात गाठलं. "सूर्य मावळला की मम्मी कायच घेत न्हाई. डॉक्टर म्हणाले, आजची रात अशीच गेली तर भरवसा न्हाई. भाऊ, आमी तिला खुर्चीत बसवून खाली पेढीवर आणू का?"

शेठजी खालूनच गरजले, "रस्त्यावरच्या लोकांपुढं रडारड न्हाई पायजे."

आणि मी काय म्हणालो? "काही गरज नाही. अर्ध्या तासात नेट वर आणून देतो." शेठजींना अब्रूचा तोरा, मला हाताचा. दोघांच्या मध्ये ती बाई सुकत होती. आज त्याची लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

लोडशेडिंग होतं, लाईट चारला आली. कामाला लागलो. वायरची टोकं कापून नवी बसवली. खालच्या कॉम्प्युटरमधली वाटणीची सोय बंद करून पुन्हा चालू केली. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर लागतो, चाळीतल्या खोल्यांना असतो तसा, आणि तो दोघांना सारखा चालत नाही. वरच्याला दोन नंबर दिला, तर पडद्यावर आलं की हा नंबर दुसऱ्या कुणाकडे आहे. तीन दिला. तोही दुसऱ्याकडे. चाळीस दिला, एकशे सतरा दिला... मी देईन त्या नंबरवर आधीच कुणीतरी बसलेलं.

पाच वाजून गेले होते. मी वरचा कॉम्प्युटर पार बंद केला, प्लग उपटला, खाली आलो आणि खालच्यावरून हाक घातली. आमच्या धंद्यात तशी सोय असते. हाक घातली की पलीकडचं यंत्र उत्तर देतं. पलीकडे आता कुणीच नव्हतं. उत्तर आलं. पुन्हा घातली. पुन्हा आलं, लगेच, जणू कुणी दारातच उभं होतं.

मधल्या खोलीचं कुलूप रिद्धीनं काढलं. आत ओल्या पोत्यांचा वास, आणि त्यात तंबाखू-चुन्याचा. चुना आत्ताच मळल्यासारखा ओला, झोंबणारा. त्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नव्हतं. कोपऱ्यात डबी होती. पहिला दिवा चालू, दुसरा बंद. ते बरोबरच होतं. पण तिसराही लागलेला होता. तिसऱ्या भोकात वायर नव्हती. मी बोट घालून पाहिलं. मग पहिल्या भोकातली वायरही काढली. पहिला दिवा विझला. तिसरा तसाच.

"ही खोली कुणाची?" मी विचारलं. माझाच आवाज मला बारीक वाटला.

"गेणूकाकांची," रिद्धी म्हणाली. "आमचे हमाल. तीस वर्षं हितंच राहिले."

दिवा लुकलुकला.

रिद्धीनं दारातूनच सांगितलं. आठ वर्षांपूर्वी ऐन हंगामात पोत्यांची थप्पी गेणूच्या अंगावर कोसळली. दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील, मालाची तोलाई थांबेल, म्हणून शेठजींनी त्याला रिकाम्या ट्रकमध्ये टाकून येडगावला त्याच्या घरी धाडलं. तो वाटेतच गेला. त्याला ट्रकमध्ये टाकलं यावरूनच जिनेशनं त्याच रात्री घर सोडलं; गेणू गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नाही.

मी वर गेलो. शेठजीही तोवर वर येऊन बसले होते. खोटं सांगता आलं असतं, पण त्या बाईच्या डोळ्यांपुढे जमलं नाही. "मोहनबाई, वायर चांगली आहे. पण मधल्या खोलीत... आणखी कुणीतरी आहे. तो जागा सोडत नाही."

त्या दचकल्या नाहीत. भिंतीवरच्या उन्हाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग शेठजींना म्हणाल्या, "दरसाल आपण समद्यांना म्हणतो. गाईवासरांना म्हणतो, मुंग्या-किड्यांना म्हणतो. त्याचं ऱ्हायलं."

"हमालाची माफी? म्या मागायची?" शेठजींचा चेहरा लाल झाला. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी समोर पाहिलं.

"उन्हाकडं बघा," मोहनबाई एवढंच म्हणाल्या.

ऊन भिंतीवरून खिडकीच्या चौकटीवर आलं होतं. शेठजी उठले. जिना उतरताना त्यांचे पाय दोनदा थांबले. मी बॅटरी घेऊन मागे होतो. खोलीत शिरल्यावर त्यांनी वास घेतला आणि कठडा धरावा तसं दार धरलं. मग डोक्यावरची टोपी काढली. चाळीस वर्षं बाजारात ज्यांच्यापुढे लोक टोपी काढत, त्या माणसानं डबीपुढे, पोत्यांवर गुडघे टेकले.

"गेणू..." ते थांबले. "गेणू, तू हाका मारत व्हता ट्रकमधनं... म्या ऐकलं व्हतं. मिच्छामि दुक्कडम."

तिसरा दिवा विझला. मी वायर जागेवर लावली, वर धावलो, कॉम्प्युटर चालू केला. पहिल्या फटक्यात नंबर मिळाला, नेट आलं. सव्वासहा झाले होते. रिद्धी रडत होती आणि मला हात जोडत होती, आणि मी, काय सांगू, छाती फुगवून म्हणालो, "लूज कनेक्शन होतं."

पडद्यावर जिनेश आला. दाढी वाढलेला, चेहरा अडखळत हलणारा. आईनं हात जोडले. त्यानंही जोडले. शेठजी दारात उभे होते. त्यांनी पुढे येऊन मुलापुढे हात जोडले तेव्हा पोरगं हमसून रडलं. मला फार बरं वाटलं. आपल्या हातानं ओढलेल्या वायरीतून हे चाललंय, असं वाटून ऊर भरून आला.

मग जिनेशनं डोळे पुसले आणि पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"मम्मी, तुझ्यामागं गेणूकाका उभं हायेत का? लई वाळलेत गं..."

मोहनबाईंच्या मागे फक्त भिंत होती. निदान मी तिकडे पाहत होतो तोवर तरी होती. शेठजींनी डोळे मिटून घेतले. मोहनबाई वळल्या नाहीत. पडद्यावरची नजर न काढता त्या शांतपणे म्हणाल्या, "रिद्धी, मुगाचं कढण आण. दोन वाट्या."

रिद्धीनं आणल्या. एक आईच्या हातात दिली. दुसरी तिनं काही न विचारता उशांच्या मागे, भिंतीशी फरशीवर ठेवली आणि झटकन बाहेर गेली. खिडकीत उन्हाची एक बोटभर पट्टी उरली होती. मोहनबाई वाटी हातात धरून बसून राहिल्या. पाहुण्याच्या आधी घरच्यांनी तोंड लावायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ऊन कमी होत चाललं. "मम्मी, घे ना," जिनेश तिकडून म्हणत होता. त्या थांबल्या होत्या.

बंद पडलेला कुठलाही डबा उघडून आत डोकावल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा मी. मान वळवली असती तर भिंत दिसली असती. मी वळवली नाही. की-बोर्डवरची अक्षरं वाचत बसलो.

तंबाखू-चुन्याचा वास आला. मग उशांच्या मागे रिकामी वाटी फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. मोहनबाईंची भरलेली वाटी अजून त्यांच्या हातातच होती.

"हां," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली.