कठड्याशी राखलेली जागा

चष्मेवाल्याला गाण्यांपेक्षा गाण्यांच्या क्रमातच जास्त रस आहे, असं त्याची बायको म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. चष्म्याचं एवढंसं दुकान होतं त्याचं. दिवसभर काचा घासायच्या, वाकड्या दांड्या सरळ करायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवून दोन पावलं मागं सरकायचं आणि डोळे बारीक करून बघायचं. रॉक बँडच्या कार्यक्रमालाही स्वारी तशीच जायची. गिटार कडाडली की अख्खी गर्दी हवेत, हा मात्र डोळे बारीक करून बायकोच्या कानात ओरडणार, "'गंजलेला पूल' आत्ता? दुसऱ्याच नंबरला? मातेरं केलं!"

बँड त्यांच्या गावात दर दीड-दोन महिन्यांनी यायचा. गावाबाहेर एक बंद पडलेलं शीतगृह होतं, पत्र्याचं छप्पर, आत खुर्ची म्हणून नाही. सगळं उभ्यानं. आसपासच्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, तेव्हापासून कार्यक्रम रविवारी भर दुपारी व्हायचे. आत मात्र कायम तिन्हीसांजा. घामाची वाफ, पायाखाली सांडलेल्या पेयांचा चिकचिकाट, आणि ढोलाचा दणका असा की बरगड्यांतून आधी कळायचा, कानातून मग. मंचासमोर छातीएवढा लोखंडी कठडा. त्या कठड्याशी चौघांची जागा ठरलेली: मावशी, बायको, चष्मेवाला, ढोल्या. मावशी म्हणजे निवृत्त शिंपीण, केस पांढरेशुभ्र, ढकलाढकलीत कोपर मारण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. ढोल्या बसच्या आगारात मेकॅनिक. तो उभा राहिला की मागच्या तिघांना मंच दिसत नसे, आणि त्याला त्याचं जराही वाईट वाटत नसे.

कार्यक्रम संपला की चौघं समोरच्या कॅफेत बसून वाजलेल्या गाण्यांची सेटलिस्ट उगाळायचे. कोणतं आधी हवं होतं, कोणतं मुळात नकोच होतं. तिथं चष्मेवाल्याचा शब्द शेवटचा. बायको कप फिरवत बसायची. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सुई टोचायचं काम करायची. माणसाला कळायच्या आत सुई आत आणि बाहेर, असा हलका हात. घरी दोघांचं बोलणं गॅस संपला, नळ गळतोय इथवर आलं होतं. एकदा तिनं भाजी चिरता चिरता सरळ सांगून टाकलं होतं, "त्या कठड्याशी आपण नवराबायको असतो रे. तेवढं नसतं, तर मी केव्हाच गेले असते." त्यावर हा म्हणाला होता, "मग बँडनं निदान क्रम तरी धड ठेवावा."

असा गृहस्थ दुकानात वरच्या कप्प्यातली फ्रेम काढताना स्टुलावरून पडला आणि टाचेचं हाड मोडून बसला. पाय प्लास्टरमध्ये, आणि रविवार तोंडावर.

"तू जा," तो बायकोला म्हणाला. "पण माझ्या जागी कोणाला उभं करायचं नाही. जागा राखायची."

आता जागा राखणं म्हणजे काय, तर कठड्याशी उभं राहणाऱ्यांचा एक रिवाज आहे. कोणी पाणी आणायला गेलं, की दोन्ही बाजूचे आपापला एक पाय आडवा करून त्याच्या जागेत ठेवतात. मागून कोणी घुसायला लागलं, की म्हणायचं, "पाणी आणायला गेलाय, येतोय." एक गाणं संपेपर्यंत तो आला पाहिजे. नाही आला, तर पाय काढायचा आणि जागा सोडायची. यात भांडण नाही.

"पूर्ण कार्यक्रमभर?" फोनवर मावशी तडकली. "अरे मेल्या, असं कोणी करतं का? एवढ्या रेट्यात भोक ठेवायचं म्हणजे काय!"

"बघतो ना कोण उभा राहतो ते," चष्मेवाला म्हणाला. "कित्येक वर्षांची जागा आहे माझी."

राखली त्यांनी. बायकोनं डावीकडून पाय आडवा घातला, ढोल्यानं उजवीकडून. सगळी गाणी होईपर्यंत.

संध्याकाळी ती घरी आली ती घसा बसवून, गाल लाल. यानं पलंगावरूनच उलटतपासणी सुरू केली. पहिलं कोणतं, मग कोणतं, 'मीठ' वाजवलं का?

"वाजवलं की. 'मीठ'च्या वेळी तर तू—" ती थांबली. मग पाण्याचा तांब्या उचलून म्हणाली, "तू असतास तर आवडलं असतं तुला."

दोन दिवसांनी ढोल्या भेटायला आला. प्लास्टरवर बोटानं टकटक करून म्हणाला, "चष्म्या, तुझ्या जागेला रेटा लागत नाही रे. मागून सगळे आमच्या पाठी मोडत होते, तुझ्या जागेत कोणी येईच ना. आणि माझा डावा खांदा घामानं भिजला. उजवा कोरडा. गंमत आहे की नाही?" तो हसला, पण चहा अर्धा टाकून उठला.

गंमत पुढं घरातही दिसायला लागली. बायको ओट्याशी उभी राहायची, तेव्हा तिचा उजवा पाय आडवा पडलेला असायचा. सोफ्यावर बसली, की शेजारी एका माणसाएवढी जागा सोडून बसायची. एकदा चष्मेवाला कुबड्या टेकत तिथं बसायला गेला, तर ती चटकन म्हणाली, "थांब." आणि लगेच, "बस, बस. काही नाही." तो बसला. गादी उबदार होती. ती दुसऱ्या टोकाला, केव्हाची तिथंच बसलेली होती.

पुढचा कार्यक्रम आला, तेव्हाही प्लास्टर होतंच. या वेळी तो मोठेपणानं म्हणाला, "देऊन टाका कोणाला तरी माझी जागा. उगाच कशाला तुम्हाला त्रास."

"नको," ती केस बांधत म्हणाली. "राहू दे राखलेली." केस तिनं मोकळेच सोडले शेवटी. लग्नानंतर पहिल्या वर्षी सोडायची तसे.

त्या कार्यक्रमाचं ढोल्यानं मोबाइलवर चित्रण केलं होतं. चष्मेवाल्यानं ते मागवून घेतलं आणि दुकानाचं दार लोटून बघितलं. गाणी बघायची होती, पण गाणी राहिली बाजूला. पडद्यावर मावशी दिसत होती, बायको दिसत होती, आणि तिच्या उजवीकडे ती जागा. मागं गर्दी समुद्रासारखी हलत होती. एक दांडगा माणूस झोकांडी खाऊन थेट त्या रिकाम्या जागेवर कोसळला आणि मध्येच थांबला. एखाद्याच्या पाठीला टेकून थांबावा, तसा. त्यानं हात वर करून माफी मागितली आणि मागं सरला.

मग बायकोनं मान वळवली. गोंगाटात समोरच्याच्या तोंडाशी कान नेतात, तसा कान नेला. ऐकलं. मान हलवली. आणि हसली.

चष्मेवाल्यानं तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. आवाज बंद करून. असं हसताना त्यानं तिला कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. बरं, संशय घ्यावा तर कोणाचा? संशय घ्यायला निदान माणूस तरी लागतो.

"काय बोलत होतीस तू?" रात्रीच्या जेवणाला त्यानं विचारलं.

"कोणाशी?"

"तेच विचारतोय."

ती ताटातली कोशिंबीर चिवडत राहिली. मग म्हणाली, "तो गाण्याच्या मध्ये बोलत नाही. गाणं संपल्यावर बोलतो." आणि उठून भांडी घासायला गेली.

टाच बरी झाली, तसा चष्मेवाला इरेला पेटला. पुढच्या कार्यक्रमाला तो सगळ्यांच्या आधी दाराशी हजर. दार उघडताच लंगडत धावला आणि आपल्या जागी जाऊन दोन्ही हातांनी कठडा धरला. मावशी आली, बायको आली, ढोल्या आला. ढोल्यानं नुसतं "अरे, आलास?" म्हटलं आणि मावशीकडे बघितलं.

जागा अपुरी पडत होती. आजारपणात तो चांगला वाळला होता, तरी त्याला एक खांदा पुढं काढून तिरकं उभं राहावं लागत होतं. कठड्याचं लोखंड त्याच्या हाताखाली ऊन होतं.

बँड आला. पहिलं गाणं, दुसरं. तो बायकोच्या कानात ओरडला, "'दुसरा मजला' इतक्या लवकर? शेवटाला काय ठेवणार मग?" तिनं डोळे मिटून घेतले. तो ओरडतच राहिला. तिसऱ्या गाण्यानंतर ती त्याच्याकडे वळली. खूप दिवसांनी तिचा आवाज मऊ होता.

"पाणी आणशील?"

त्याला जावंसं वाटत नव्हतं. पण तिनं मागितलं होतं. आणि तिनं त्याच्याकडे काही मागूनही फार दिवस झाले होते.

तो गर्दीतून मागं गेला. बाटली घेतली. टाच ठणकत होती, तरी धावत परतला. गाणं अजून चालू होतं. रिवाजाप्रमाणे जागा त्याचीच होती.

दोन पाय आडवे होते. एक बायकोचा, एक ढोल्याचा. मध्ये माणूस नव्हता.

"आलो," तो ओरडला.

ढोल्यानं मागं बघितलं आणि मान खाली घातली.

"अरे, आलो ना! पाय काढा!"

बायको वळली. तिनं त्याला ओळखलं होतं. नसतं ओळखलं, तर बरं झालं असतं.

"सॉरी हं," ती म्हणाली. "इथं आहे कोणीतरी."

त्यानं हात पुढं घातला. रिकाम्या जागेत, सरळ.

हाताला सदरा लागला. घामानं ओला. आतली पाठ श्वास घेत होती.

ती पाठ वळली नाही. फक्त जराशी बाजूला झाली. अनोळखी माणसाला वाट देतात, तेवढी.

कोणीतरी मागून म्हणालं, "काका, पुढं जागा नाही हो. इकडं या."

तो तिकडं गेला नाही. बाहेर पडला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि पत्र्यातून ढोलाचा दणका येत होता. घरापर्यंत त्यानं बाटली उघडली नाही.

उन्हं उतरली, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. बायकोचा आवाज आला, बसलेला, खुशीतला. "नाही बाई, मला तर 'मीठ' शेवटीच आवडलं." मग ती थांबली, कोणाचं तरी ऐकून घ्यावं तेवढी. "हो का? बरं, तसं म्हण." आणि हसली.

कुलपात किल्ली फिरली. तिनं दार पूर्ण उघडलं आणि स्वतः बाजूला उभी राहिली, एक माणूस आत जाईपर्यंत. मग आत आली, दार लोटलं, चपला काढल्या.

चष्मेवाला सोफ्याच्या टोकाला बसला होता. त्याला बघून ती दचकली नाही, रागावली नाही. थोडी अवघडली.

"तुम्ही केव्हा आलात?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं त्याला अहोजाहो कधी केलं नव्हतं.

तो सोफ्यावरून अर्धवट उठला.

"जेवूनच जा आता," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मांडणीवरून तिनं रोजची दोन ताटं काढून मांडली. दोन्हींशेजारी पाणी ठेवलं. मग स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून पाहुण्यांच्या संचातलं एक ताट उतरवलं, आणि त्यावरची धूळ फडक्यानं नीट पुसायला लागली.