वामनरावांची केबिन

चारुशीलाबाईंनी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात उभा जन्म भूगोल शिकवला आणि त्याबरोबर सगळ्या शिक्षकांचं वेळापत्रकही लावलं. रुसणारे, पाठदुखी सांगणारे, शेवटचा तास नको म्हणणारे, सगळ्यांना त्यांनी त्या चौकोनांत बसवलं होतं. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत जहाजावर घरच्यांसाठी तीन खोल्या एका रांगेत घेणं म्हणजे हातचा मळ, असं त्यांना वाटलं. तिथंच चुकलं.

राजापेठेतल्या कुंदनच्या ऑफिसात त्या एप्रिलच्या उन्हातून येऊन बसायच्या. कुंदन चांदूर रेल्वे गावचा, घरची भाजीची शेती. अष्टविनायकाच्या बस नेता नेता आता जहाजापर्यंत पोचला होता. समोर जहाजाचा नकाशा, डोक्यावर खडखडणारा कूलर, आणि हातात फोन. फोनवर घरचा एकेक शहाणा. पुण्याहून मुलगा केयूर म्हणे बाल्कनी पाहिजेच. सून जुईली म्हणे नाचगाण्याच्या हॉलखाली खोली नको. नवरा यशोधन कोर्टातून निरोप धाडी की जहाजाच्या मध्यावर घे, तिथं हलत नाही. घरचं झालं थोडं, म्हणून कुंदन मधूनच विचारायचा, "काकू, समुद्राकडली खिडकी पायजे का आतल्या बाजूची?"

"अरे, खिडकीचं सोड. मला दार पाहिजे. दोन खोल्यांच्या मधलं दार."

दार पाहिजे होतं ते सासऱ्यांसाठी. बापूसाहेबांनी सगळं आयुष्य अकोल्याच्या कोर्टात वकिली केली, आणि सासूबाई गेल्यावर ते इकडे राहायला आले. गेल्या श्रावणात ते न्हाणीघरात पडले. तेव्हापासून रात्री उठले की आपण कुठे आहोत हे त्यांना कळत नसे. मग ते हाका मारत, आणि चारुशीलाबाई मधल्या उघड्या दारातून जाऊन त्यांचा हात धरत. बापूसाहेबांना एकदा जहाजातून समुद्र पाहायचा होता. बाईंनी तसा शब्द दिला होता, आणि त्यांना रात्री एकटं ठेवायचं नाही असं स्वतःलाही बजावलं होतं. बाकी बाल्कनी गेली चुलीत.

महत्प्रयासाने तीन खोल्या जुळल्या, आणि त्याच संध्याकाळी केयूरचा फोन आला. जुईलीला रजा नाही. "तुम्ही तिघं जाऊन या ना, आई." इतकं गोड बोलला की बाईंना फोनच भिंतीवर आपटावासा वाटला.

जेवताना त्यांनी हे सांगितलं. बापूसाहेबांनी घास खाली ठेवला.

"तिघं? तिघांनी निघत नसतात."

"बापूसाहेब, जहाज आहे ते. हजार माणसं असतात त्याच्यात."

"घरून तर तिघंच निघसान ना? वामनरावले घ्या."

यशोधन ताटात पाहू लागला. कोर्टात समोरच्या वकिलाला घाम फोडणारा हा माणूस बापापुढे मात्र लोण्याचा गोळा.

तीन तिगाडा, काम बिगाडा, हे सगळीकडेच म्हणतात, आणि तिघं निघाले की चौथी म्हणून सुपारी बरोबर घेतात. पण या घरची रीत जरा जास्त होती. सुपारीला नाव द्यायचं, नाहीतर ती माणसात धरली जात नाही. उंबऱ्यात तिला "चला" म्हणायचं. परत आलं की त्याच उंबऱ्यात हातात घेऊन म्हणायचं, "पोचलो सुखरूप, आता तुम्ही मोकळे," आणि मग पाण्यात सोडायचं. सुपारी दर खेपेला नवी, नाव मात्र तेच. हे वामनराव कोण, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनाही नव्हतं.

बापूसाहेब उठले, खुंटीवरच्या जुन्या काळ्या कोटाच्या खिशात हात घातला आणि सुपारी काढून टेबलावर ठेवली. ती काळपट, गुळगुळीत झालेली होती.

"ही कुठली?" बाईंनी विचारलं.

"नागपूरची."

नागपूरच्या दवाखान्यात सासूबाईंना नेलं तेव्हा तिघंच निघाले होते, सासूबाई स्वतः, बापूसाहेब आणि यशोधन. परत आले ते सासूबाईंना गाडीत आडवं घालून. त्या रडारडीत सुपारी सोडायची कोणाला आठवण राहणार?

"मग नवी घेऊ," यशोधन हळूच म्हणाला.

"नवी कायले? हा आहेच ना."

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा राजापेठेत. आता दोनच खोल्या, मध्ये दार. कुंदनने बोटं चालवली आणि मान वर केली. "काकू, बापूसाहेबाच्या खोलीत दोन माणसं धरा लागते. एकट्याले दोघाचंच भाडं पडते. मंग दुसरं नाव कोनाचं टाकू?"

बाईंच्या डोक्यात ऊन शिरलं होतं. केयूर, जुईली, सुपारी, सगळ्यांचा राग एकदम वर आला. "टाक वामनराव. भाडं भरतोच आहोत तर झोपू दे त्यांना पलंगावर."

कुंदनने नाव टाकलं. त्या आठवड्यात बाई पहिल्यांदाच हसल्या.

चार-पाच दिवसांनी कुंदनचाच फोन आला. "काकू, तुमच्यावाली खोली तशीच आहे. बापूसाहेबाची खालच्या मजल्यावर केली, पार मांगच्या टोकाले. तेवढं सांगा म्हटलं."

"कोणी सांगितलं तुला बदलायला?"

"वामनराव काका आले होते ना. त्याईनंच नकाशात बोट ठेवून दाखवलं. म्हणे, मधात दार नको."

बाईंनी त्याला इतकं झापलं की शेजारची माणसं गॅलरीत आली. यशोधनने कोर्टातला एखादा कारकून पाठवला असेल, नाहीतर कुंदन दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं यांच्या गळ्यात बांधतो आहे. त्या तडक ऑफिसात गेल्या आणि समोर बसून खोल्या पुन्हा शेजारी करून घेतल्या.

"कसे होते दिसायला?"

कुंदन विचारात पडला. "काळा कोट होता. या उनात. मी पानी देलं, पन पेले नाई. सावकाश बोलतात. बापूसाहेबाच्या सोबतीले आहो म्हणे."

"ओळखपत्र पाहिलंस?"

"पायलं ना."

"फोटो कसा होता?"

त्याने बराच वेळ कूलरकडे पाहिलं. "आता आठवत नाई, काकू. मानूसच होता."

यशोधन शपथेवर म्हणाला की मी कोणालाही पाठवलं नाही, आणि खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, ते झाले नव्हते. मग बाई बापूसाहेबांच्या खोलीत गेल्या. तिथं दोन पलंग होते. सासूबाईंचा पलंग अकोल्याहून आणून तसाच घालून ठेवलेला असे, चादर ताणून, वर उशी. सुपारी त्या उशीवर ठेवली होती.

"बापूसाहेब, कुंदनकडे कोणाला धाडलं होतं?"

"कोनाले धाडू? त्याले मधातलं दार चालत नाई. तू रात्री येतेस ना, त्याची झोप मोडते."

म्हातारपण, म्हणून बाईंनी सोडून दिलं. उशीवरची सुपारी उचलून त्यांनी तिपाईवर ठेवली. उशीला मधोमध खोलगा पडला होता, डोकं टेकल्यावर पडतो तेवढा. त्यांनी उशी थोपटून सारखी केली आणि कामाला लागल्या.

पण त्या रात्री बापूसाहेबांनी हाक मारली नाही. पुढच्या रात्रीही नाही. बाई आपल्या आपण जाग्या होऊन कानोसा घेत, तर आतून हलक्या आवाजात बोलणं चाललेलं. म्हाताऱ्या माणसाच्या झोपेतल्या बडबडीला काय अर्थ, असं म्हणून त्या कूस बदलत. सकाळी मधलं दार लोटलेलं असे, आणि ते कोणी लोटलं यावरून यशोधनशी वाद होई.

मग पुन्हा फोन. खोली पुन्हा मागच्या टोकाला गेली होती.

"कुंदन, ते चौथं नाव काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"काकू, असं कसं काढू? जो येते त्यानंच सांगा लागते. ते तर म्हणून राहिले, काही झालं तरी मी जातोच."

भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली. दुसऱ्या दिवशी कुंदन शटर वर करत असतानाच बाई जाऊन उभ्या राहिल्या. दाराकडे पाठ करून, नकाशासमोरच्या खुर्चीत त्यांनी ठाण मांडलं. येऊ दे म्हणावं, कोण हा भामटा ते पाहतेच.

ऊन चढलं. ऑफिसातली मोनाली चहा देऊन गेली. कुंदन दुसऱ्या कोणाची बस जुळवत होता.

मधेच त्याने मान वर केली. बाईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि तो अर्धवट उठला.

"या काका, बसा."

बाई गर्रकन वळल्या.

कोणी नव्हतं. काचेचं दार सावकाश मिटत होतं. बाहेर रस्ता पांढरा पडला होता, चिटपाखरू नव्हतं.

कुंदन उभाच होता. "गेले," तो म्हणाला. "तुमाले पाहून परत गेले."

बाईंनी पर्स उचलली. आता त्यांना राग येत होता, आणि रागाच्या खाली जे होतं त्याकडे त्या पाहत नव्हत्या. त्या म्हाताऱ्याला मी एकटं सोडणार नाही, तुझ्याबरोबर तर नाहीच, असं त्या मनात कोणाला तरी सांगत होत्या.

घरी बापूसाहेब दुपारचे झोपले होते. शेजारच्या पलंगाची चादर चुरगळली होती. सुपारी पुन्हा उशीवर, खोलग्यात.

त्यांनी ती पदरात धरून उचलली. हाताला गार लागली.

स्कूटी काढून त्या थेट छत्री तलावावर गेल्या. पाणी आटून खाली गेलं होतं. काठावर दोन म्हशी बसल्या होत्या. बाईंनी हात मागे नेला आणि जोर लावून सुपारी भिरकावली. एक डुबुक आवाज झाला. एवढ्याशा गोष्टीपायी डोक्याला केवढा ताप, असं पुटपुटत त्यांनी स्कूटी वळवली.

बापूसाहेब जागे होऊन बसले होते. चेहरा ताजा दिसत होता. त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

"बाई, आज मले हलकं वाटून राहिलं," ते म्हणाले. मग शेजारच्या पलंगाकडे पाहून म्हणाले, "एकटा आहो मी."

"एकटे कशाला? मी आहे ना." बाई चहा ठेवायला उठल्या. चहाला त्यांनी साखर जरा जास्तच घातली.

कप विसळत असताना फोन वाजला. कुंदन खुशीत होता.

"काकू, झालं तुमच्या मनासारखं. वामनराव काका आत्ताच येऊन गेले. त्याईनं सोता बापूसाहेबाची खोली सोडली. आता बापूसाहेब तुमच्या शेजारी. मधात दार."

बाईंनी ओट्याला टेकून श्वास सोडला. "बरं झालं. त्यांचे पैसे परत येतील ना?"

"परत कायचे? त्याईनं दुसरी घेतली ना. तुमच्या खोलीच्या दुसऱ्या अंगाची. तिकूनही दार आहे म्हणे, तुमच्याकडेच उघडते. कडी तुमच्या बाजूनं आहे, तेवढी काढून ठेवा असं सांगतलं."

बाईंनी विसळलेला कप ओट्यावर ठेवला.

"अन् काकू, तिकडं पानी पडलं का कुठं? पुरे वल्ले होते ते. कोटातून पानी गळे. खुर्चीखाली हे एवढं डबकं झालं, मोनाली पुसून राहिली. चिखलाचा वास मारते."

"कुंदन," बाई म्हणाल्या. "आणखी काही म्हणाले का?"

"हो ना. मले काही समजलं नाई, पन तुमाले सांग म्हणे." तो आठवत थांबला. मागे खडखडणारा कूलर ऐकू येत होता. "म्हणे, काकूनं मोकळं केलंच नाई मले. म्हणूनच राहिलो."