नऊ हजार वेढे

जिना इतका अरुंद होता की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावंच लागायचं. त्या दिवशी आम्हा दोघांनाही ते जमण्यासारखं नव्हतं. माझ्या हातात दुरुस्तीला आलेला अ‍ॅम्प्लिफायर होता, आणि वरून उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवर जवळजवळ त्याच्याएवढीच उंच पेटी.

"जरा मागे सरका," मी म्हणाले.

"मागे सरकत गेलो तर परत वरच्या नाचाच्या क्लासात शिरेन. तिथे आत्ताच सगळ्यांनी मला हसून घेतलंय."

"का बरं?"

"मी विचारलं, बेस गिटार इथेच दुरुस्त होते का? बाई म्हणाल्या, इथे फक्त माणसं दुरुस्त होतात."

मला हसू फुटलं आणि अ‍ॅम्प्लिफायर हातातून घसरला. त्यानं पटकन पुढे होऊन खालून आधार दिला. त्याची बोटं माझ्या बोटांवर आली... लांब, टोकाला घट्टे पडलेली बोटं.

"तुम्ही एक मजला जास्त चढलात," मी म्हणाले. "बेस मी दुरुस्त करते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मग मी तुमच्या मागोमाग येतो. म्हणजे, आधी उलटं वर जातो, आणि मग येतो."

आमचं वर्कशॉप म्हणजे बाबांची दोन खोल्यांची जागा. बाबांनी चाळीस वर्षं वाद्यं आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून काम मी करते आणि सूचना ते करतात. त्या उंच माणसाला बघताच त्यांनी त्याचं नाव लंबू ठेवून टाकलं.

लंबूनं पेटी उघडली. बेस साठ वर्षांचा होता, त्याच्या काकांचा. मधासारखा रंग, कडेला काकांच्या मनगटानं घासून उघडं पडलेलं लाकूड. मी तारा छेडल्या. आवाज आला खरा, पण घोंगडीखालून कुणी बोलावं तसा, आणि त्याच्या मागे सतत एक गुणगुण.

"एका जहाजावरच्या बँडमध्ये जागा आहे," तो म्हणाला. "वर्षभराचा करार. पण बँडमास्तर म्हणतात, तुझा बेस ऐकू येत नाही, नुसता कण्हतो. तीन आठवड्यांत चांगलं रेकॉर्डिंग पाठव, नाहीतर दुसऱ्याला घेतो. म्हटलं, मध्ये भोक पाडून आणखी एक पिकअप बसवून घ्यावा."

"साठ वर्षांच्या लाकडाला भोक?" मी बेस जवळ ओढून घेतला. "अजिबात नाही."

"अहो, बेस माझा आहे."

"मग न्या घरी."

बाबा खोकल्यासारखं करून हसले. लंबू बसला.

मी मागची झाकणं काढून बघितलं. तारांखाली बसवलेले दोन पिकअप, तारांची थरथर पकडणारे चुंबकाचे चपटे डबे. त्यातला एक मेलेलाच होता. केसाहून बारीक तांब्याची तार आत कुठेतरी तुटली होती. तो पुन्हा गुंडाळायचा. आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा लावायचा, म्हणजे गुणगुण थांबेल. आणि जुन्या बटणाच्या जागी वर ओढता येणारं बटण बसवायचं. खाली असताना दोन्ही पिकअप आपापले बोलतील, वर ओढलं की एकामागे एक जोडले जातील आणि आवाज भरीव होईल.

"आणि बाहेरून?"

"बाहेरून काही बदललंय हे काकांनासुद्धा ओळखू येणार नाही."

त्यानंतर तो रोज दुपारी यायला लागला. कामाची तशी गरज नव्हती. कधी म्हणायचा, इकडून चाललो होतो. कधी म्हणायचा, बेसची आठवण आली. एकदा बाबांनी विचारलं, "नक्की बेसचीच ना?" तेव्हा त्याचे कान लाल झाले... आणि मी उगाचच स्क्रूचा डबा आवरायला घेतला.

पिकअप गुंडाळायचं यंत्र हातानं फिरवायचं होतं. हँडलचा एक फेरा म्हणजे दहा वेढे. फेरे मोजायला कुणीतरी हवं होतं.

"एकूण किती?" त्यानं विचारलं.

"नऊ हजार वेढे."

"नऊ हजार वेडे? इथे तर एकच बसलाय."

"वेढे! आणि बोलू नका, मोजा."

तो मोजायला लागला. मी हँडल फिरवत होते, डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडत होते. जास्त ताणली तर तुटणार, सैल सोडली तर वेढे विस्कटणार. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, संथ. एकशे एक... एकशे दोन... चारशेच्या पुढे तो थांबला.

"काय झालं?"

"चुकलो. तुमच्या कपाळावर एक बट आली, आणि चारशे बारा की चारशे बावीस..."

"अहो, आता परत पहिल्यापासून!"

"चालेल मला," तो म्हणाला. मग जरा थांबून – "पहिल्यापासून करायचंच आहे, तर अहो-जाहो सोडूनच करूया?"

मी हँडल सोडलं. तार सोडवून घेतली, रिकाम्या पिकअपवर नवं टोक अडकवलं, आणि म्हणाले, "मोज. एक."

कामाचा शेवटचा टप्पा जोडण्यांचा. सोल्डरिंग आयर्न तापली होती, मी वाकून बसले होते, आणि मनात एक घाणेरडा विचार आला. एक जोड कच्चा ठेवला तर? थोडीशी गुणगुण राहील. बँडमास्तर नको म्हणतील. लंबू इथेच राहील, रोज दुपारी येईल, माझ्यावर रागावणारही नाही, कारण त्याला कळणारच नाही.

"हात थरथरतोय तुझा," बाबा म्हणाले. "माझं वय झालंय. तुला काय झालंय?"

मी डोळे पुसले. "धूर गेला डोळ्यांत."

मी तो जोड पक्का केला. मग पुन्हा तपासला. आयुष्यात इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं, आणि इतक्या जड मनानंही कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लंबूनं बेस गळ्यात अडकवला, अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. आधी काहीच ऐकू आलं नाही... गुणगुण गेली होती. मग त्यानं सर्वांत जाड तार छेडली. खिडकीची काच हलकेच वाजली. तो सूर कानांच्या आधी छातीच्या हाडाला लागला. त्यानं बटण वर ओढलं, आणि घरातलं थोरलं माणूस बोलायला लागल्यावर बाकीचे गप्प व्हावेत, तशी खोली गप्प झाली. बाबांनी थरथरता हात टेबलावर टेकवला होता. लंबू वाजवत होता आणि बघत होता माझ्याकडे.

"कसा वाटतो?" त्यानं विचारलं.

"आता तुला घेतीलच," मी म्हणाले.

त्याचं बोट तारेवरच थांबलं. "तुला बरं वाटेल?"

"कामाचं चीज होईल."

त्याला ते उत्तर नको होतं. मलाही द्यायचं नव्हतं. रेकॉर्डिंग पसंत पडलं, आणि दहा दिवसांनी तो गेला.

मग त्याचे संदेश यायला लागले. शब्द थोडे आणि बेस जास्त. प्रत्येक बंदरातून दोन-तीन मिनिटांचं वादन. मी ते डोळे मिटून ऐकायची, पुन्हा ऐकायची, आणि उत्तरात लिहायची – "तिसरी तार उतरलीय." "समुद्राची हवा आहे, रोज पुसत जा." तो लिहायचा, "अजून काही?" मी लिहायची, "नाही." महिने असेच गेले. नाचाच्या क्लासातून कुणी जिना उतरलं तरी मी मान वर करायची.

आठव्या महिन्यात एका दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "बेस बंद पडलाय. वायर लावायच्या सॉकेटला गंज चढलाय. इथला एक इलेक्ट्रिशियन म्हणतो, उघडून बघतो."

"कुणालाही उघडू देऊ नकोस!" मी इतक्या जोरात म्हणाले की बाबा आतून बाहेर आले आणि पुन्हा आत गेले.

"मग काय करू?"

"सोल्डरिंग आयर्न मागून घे त्याच्याकडून. मी सांगते तसं कर."

त्यानं फोन टेकवून ठेवला. छोट्या पडद्यावर फक्त त्याचे हात दिसत होते. मी सांगत गेले – गंज खरवड. आता टोक तापू दे. घाई नको... हं, आता लाव. चटका बसला तेव्हा तो ओरडला आणि मी माझंच बोट तोंडात घातलं. शेवटी त्यानं तार छेडली. त्या फोनमधून खोल सूर काय येणार! पत्र्याच्या डब्यासारखं काहीतरी ऐकू आलं. पण ते स्वच्छ होतं.

त्यानं आयर्न बाजूला ठेवली.

"दुसऱ्या वर्षाचा करार दिलाय त्यांनी," तो म्हणाला. "अजून सही केलेली नाही."

माझ्या घशाशी पुन्हा तेच आलं – छान, कर, कामाचं चीज होईल. मी ते गिळलं.

"करू नकोस," मी म्हणाले. "हा करार संपला की घरी ये."

पडद्यावरचे हात स्तब्ध झाले. मग त्यानं फोन उचलला, आणि आठ महिन्यांच्या उन्हानं रापलेला त्याचा चेहरा समोर आला.

"कुणाच्या घरी?"

"माझ्या."

तो हसला नाही, चेष्टाही केली नाही. फक्त मान हलवून हो म्हणाला... मग फोनची रेंज गेली आणि पडदा काळा झाला. अजून चार महिने जायचे होते. मी तशीच बसून राहिले, फोन दोन्ही हातांत धरून.