मोडलेल्या रेघा, घट्ट नट

दुपारचे दोन वाजले होते. मावशी खुर्चीत मान टाकून डुलकी काढत होती आणि भाचा तिच्या वाटणीचाही चहा संपवत होता. तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. तिचा चेहरा इतका उतरला होता की भाच्याने आधी खुर्ची पुढे केली आणि बाकीचं विचारायचं विसरूनच गेला.

मावशीने पंचवीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी केली होती. आता ती लोकांच्या खासगी भानगडींचा छडा लावायची. भाचा पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला. गाडी चालवणं, टिपणं काढणं आणि चुकीचा तर्क सर्वांत आधी मांडणं ही त्याची कामं.

बाईचे वडील बांधकामांवरच्या परांच्या, म्हणजे कामगार उभे राहतात ते पाइपांचे सांगाडे, तपासायचे. आज सकाळी त्यांनीच सही करून पास केलेल्या परांचीचा आडवा पाइप अकरा वाजता चौथ्या टप्प्यावर निखळला आणि एक रंगारी खाली पडला. त्याचं कमरेचं हाड मोडलं. उद्या सकाळी चौकशी होती. वडिलांचा परवाना जाणार हे सगळे धरूनच चालले होते, कदाचित तुरुंगातही जावं लागणार होतं.

“चाळीस वर्षांत बाबांनी एक नट ढिला सोडला नाही,” ती म्हणाली. “हे कुणीतरी मुद्दाम केलंय. माझा नवरा तिथेच मुकादम आहे, पण नेमका तो तेव्हा नव्हता. मुलीला शाळेत ताप आला म्हणून दहा वाजता मीच त्याला फोन करून बोलावून घेतलं.”

मावशीने सुस्कारा सोडला आणि चपला शोधल्या. असल्या प्रकरणांत कुणाचंच भलं होत नाही, हे तिला आता पाठ झालं होतं.

इस्पितळात रंगारी शुद्धीवर होता. त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. साडेदहाला तो वर चढला तेव्हा वर कुणी नव्हतं, आणि अर्ध्या तासाने पायाखालचा पाइप सरकला, एवढंच त्याला सांगता येत होतं. त्याचे तळहात लाल होते. तिसऱ्या टप्प्यावरून वर जाणारी शिडी गंजली म्हणून काल संध्याकाळी त्याने तिला रंग दिला होता; सकाळीही तो चिकटच होता. वर जायला तेवढी एकच वाट होती.

बांधकामावर इंजिनियर वाटच बघत होता. परांचीच्या पायथ्याशी तपासणी पास झाल्याचं हिरवं कार्ड लटकत होतं, खाली बाईच्या वडिलांची ठसठशीत सही. म्हातारा नुसत्या रेघा ओढून मोकळा झाला, असं त्याचं ठाम मत होतं.

रेघांची पद्धत त्यानेच समजावली. भिंती फोडायच्या यंत्राच्या हादऱ्यांनी पाइप जोडणाऱ्या क्लॅम्पचे नट ढिले होतात, म्हणून दर आठवड्याला ते पान्याने आवळायचे आणि मग नट-बोल्टवरून खडूची एक पिवळी रेघ ओढायची. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे जुळत नाहीत. खालून पाहिलं तरी कळतं.

भाचा धापा टाकत वर चढला, मागून मावशी. शिडीचा रंग आता वाळला होता. पहिल्या तीन टप्प्यांवर रेघा अखंड होत्या आणि नट घट्ट. पाचव्यावर मात्र एकूण एक रेघ मोडलेली.

“सापडलं,” भाचा म्हणाला. “कुणीतरी हे नट सैल केलेत.” त्याने पाना लावून जोर केला. नट हलेना. दुसरा, तिसरा, सगळेच घट्ट.

चौथ्या टप्प्याच्या उजव्या अर्ध्या भागात तोच प्रकार. डाव्या अर्ध्यात, जिथून रंगारी पडला, तिथे रेघा कशा सरळ जुळलेल्या, आणि नट बोटाने फिरत होते.

भाचा फळीवर बसलाच. “हे तर उलटंच झालं. रेघ जुळलेली तो नट ढिला आणि मोडलेली तो घट्ट.”

“अगदी असंच लिहून घे,” मावशी म्हणाली.

सामानाच्या खोलीत तपासनीस, म्हणजे बाईचे वडील, एक पाय लांब करून खोक्यावर बसले होते. मांडीवर हातमोजे होते, सिमेंटने करडे झालेले. पाचही टप्पे आपण एकट्याने, खालून वर असे तपासले, असं ते भिंतीकडे बघत म्हणाले. शेजारी त्यांचा जावई, मुकादम, रॉकेलच्या चिंधीने तळहात घासत होता. मुलीला डॉक्टरकडे नेलं होतं, यापलीकडे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. असं सांगताना त्याची मान वर झाली नाही.

संध्याकाळी मावशीने तपासनिसांच्या लेकीलाही त्याच खोलीत बोलावून घेतलं आणि दार लावलं.

“घातपात असता तर मोडलेल्या रेघांचे नट ढिले मिळाले असते,” ती थकलेल्या आवाजात म्हणाली. “नुसता कामचुकारपणा असता तर एकही रेघ मोडली नसती. इथे घट्ट नटांच्या रेघा मोडल्यात. म्हणजे रेघ आधी ओढली आणि नट नंतर आवळला. चाळीस वर्षं जो आधी आवळतो, त्याच्या हातून हे व्हायचं नाही. हा दुसरा माणूस. वर जाताना तो रेघा ओढत गेला आणि वरून आवळत खाली यायला लागला. पाचवा टप्पा झाला, चौथा अर्धा झाला, आणि काम थांबलं.”

“का थांबलं?” भाच्याने विचारलं.

“दहा वाजता फोन आला म्हणून.”

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. मावशी बोलत राहिली. ओल्या शिडीवरून जो वर गेला त्याचे हात लाल व्हायला हवे होते. तपासनिसांच्या मोज्यांवर लाल ठिपका नव्हता. जावयाला मात्र तळहात साफ करायला रॉकेल लागलं होतं.

मुकादमाने चिंधी खाली ठेवली. “चार महिने झाले, बाबांचा गुडघा शिडी चढू देत नाही. खालचे तीन टप्पे ते करतात, वरचे दोन मी. आज मी आवळायला लागण्याआधीच खालून त्यांना सगळ्या रेघा जुळलेल्या दिसल्या, त्यांनी सही केली. मला वाटलं, पोरीला घरी सोडून तासाभरात येतो. माझं नाव लिहा, बाबांचं नको.”

“नट तुझे असतील,” तपासनीस म्हणाले. “सही माझी आहे.”

“मी फोन केला नसता तर?” लेकीने विचारलं. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

मावशीला तिची फार दया आली, पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “तर आज नट घट्ट झाले असते. पुढे कधीतरी दुसऱ्या कुणाचा फोन आला असता.”

मग तपासनिसांनी रंगारी कुठल्या वॉर्डात आहे ते विचारलं. उद्याच्या चौकशीआधी हे त्याला आपल्या तोंडून कळायला हवं, असं ते म्हणाले. जावयाने खांदा पुढे केला. त्या खांद्यावर भार टाकून, इंजिनियरच्या आणि सगळ्या कामगारांच्या देखत, ते अंगण ओलांडून गेले. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी आपलं लंगडणं लपवलं नाही.